अंतराळवीरांच्या मनगटावरचे घड्याळ



तोरण्याच्या पायथ्याला एका शाळेत मी शिकवीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. चंद्रावर माणूस उतरल्याची हकिकत मुलांना सांगत होतो. मागच्या रांगेतल्या एका पोराने हात वर केला आणि विचारले, "गुरुजी, वर वजनच नसतं म्हणता, मग त्यांचं घड्याळ चालतं कसं? आणि त्याला किल्ली कोण देतं?" वर्ग हसला. मी भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे पाहिले आणि मोठ्या आत्मविश्वासाने ठोकून दिले, "वजन नाही तर लंबक हलणार नाही. तिथं घड्याळ चालत नाही, बाळ. बस खाली."

हे उत्तर निम्मे बरोबर होते आणि निम्मे साफ चूक. चुकीचे अर्धे मला पुढे बरीच वर्षे टोचत राहिले. त्या निमित्ताने जे वाचले, शोधले, ते आज सांगतो.

भोर, वेल्हे, हिरडस मावळ या आपल्या मुलखात मनगटावर घड्याळ फार उशिरा आले. पण म्हणून वेळ कळत नव्हती असे थोडेच आहे! दिवस कासराभर वर आला, सावली पायाखाली आली, दिवस कलला, गुरे घराकडे फिरली, तिन्हीसांजा झाल्या. रात्री शुक्राची चांदणी आणि पहाटे कोंबडा. लग्नाचा मुहूर्त मात्र असा अदमासाने साधता येत नाही. त्यासाठी जोशीबुवा घंगाळात पाणी भरून त्यावर घटिकापात्र सोडून बसत. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. पाणी हळूहळू आत शिरते आणि वाटी बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटे. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र, आणि एका घटकेची ६० पळे. म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. हा हिशेब शिक्षक मित्रांनी ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता ही सगळी साधने एकेक करून अंतराळात नेऊन पाहा. सूर्य? पृथ्वीभोवती जवळून फिरणारे यान सुमारे दीड तासात एक फेरी पुरी करते. म्हणजे चोवीस तासांत सोळा वेळा उजाडते आणि सोळा वेळा मावळते. कासराभर दिवस वर येईपर्यंत पुढची रात्र दारात उभी! घटिकापात्र? वजन नसेल तर घंगाळातले पाणी घंगाळात राहायचे नाही. त्याचे गोळे होऊन हवेत तरंगतील. वाळूचे घड्याळ घ्या, वाळू खाली पडायची नाही, कारण 'खाली' असे काही नाहीच. आणि लंबक? तो जिथे ढकलाल तिथेच राहील, परत यायचा नाही. इथपर्यंत माझे उत्तर बरोबर होते. पण तेही यान प्रवासात असताना. चंद्रावर उतरल्यावर वजन अगदीच नाहीसे होत नाही, पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतके उरते. तिथे लंबक हलेल, पण सुस्तपणे. आपल्या भिंतीवरचे घड्याळ चंद्रावर टांगले, तर त्याच्या तबकडीवर एक तास सरायला खरे सुमारे अडीच तास लागतील.

मनगटी घड्याळाचे पोट मात्र वेगळे आहे. त्यात लंबक नाही. एक छोटे चाक असते, त्याला केसासारखी बारीक गुंडाळलेली कमान जोडलेली. चाक एका बाजूला फिरले की कमान त्याला मागे ओढते, मागे गेले की पुन्हा पुढे ढकलते. या येण्याजाण्यात वजनाचा संबंध नाही. कमानीचा ताण आणि चाकाचे जडत्व एवढेच काम करतात. घड्याळ उलटे धरा, आडवे धरा, ते चालते. किल्ली दिलेली मोठी कमान हे चाक हलते ठेवते. त्या काळच्या चांगल्या मनगटी घड्याळात हे चाक सेकंदाला पाच ठोके देई. नाजूक दांडे झिजू नयेत म्हणून ते कृत्रिम माणकाच्या खड्यांत बसवीत. 'सतरा ज्युवेलचे घड्याळ' म्हणतात ते या खड्यांवरून. म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाचे खरे उत्तर, घड्याळ चालते, असे होते.

पण हे कागदावरचे शास्त्र झाले. उड्डाणाचे हादरे, उष्णता, परत येतानाचा मार, यांत ते टिकेल की नाही हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोण सांगणार? रशियात याचा पहिला मान माणसाला मिळाला नाही, असे सांगतात. ९ मार्च १९६१ रोजी चेर्नुश्का नावाची कुत्री अंतराळात पाठवली गेली. चेर्नुश्का म्हणजे आपली काळी. उड्डाणापूर्वी एका डॉक्टराने आपले 'पोबेदा' जातीचे घड्याळ गुपचूप तिच्या पायाला बांधले. एक फेरी करून काळी सुखरूप परत आली आणि घड्याळ टिकटिक करीत होते, अशी ही हकिकत आहे.

महिन्याभराने, १२ एप्रिल १९६१ रोजी, युरी गागारिन वर गेला. तो निघाला तेव्हा मॉस्कोत सकाळचे ९ वाजून ७ मिनिटे झाली होती आणि आपल्याकडे ११ वाजून ३७ मिनिटे. त्याचा प्रवास १०८ मिनिटांचा होता. आपल्या हिशेबाने बरोबर साडेचार घटका. जपमाळेचे मणी मोजले तरी आकडा तोच. भोरला त्या दिवशी सावली पायाखाली आली ती साडेबारानंतर पाचेक मिनिटांनी. म्हणजे आपल्या शेतात नांगर सोडून माणसे झाडाखाली भाकरी खात बसली असतील, त्याच वेळी हा गडी पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाची रात्र ओलांडत होता, आणि आपण पुन्हा कामाला उठायच्या आत तो खाली उतरलासुद्धा.

त्याच्या मनगटावर 'श्टुर्मान्स्किये' हे घड्याळ होते. मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यात ते रशियन हवाई दलासाठी बनत असे, दुकानात मिळत नसे. सतरा ज्युवेलचे, हाताने किल्ली द्यायचे. त्याचा एक गुण वैमानिकांना फार सोयीचा होता: किल्ली बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबे, त्यामुळे सर्वांची घड्याळे सेकंदाबरहुकूम जुळवता येत. अंतराळासाठी मुद्दाम काही बनवलेले नव्हते. गंमत अशी की हा कारखाना १९३० साली सुरू झाला तो अमेरिकेतल्या ओहायो प्रांतातल्या एका बुडालेल्या घड्याळ कंपनीची यंत्रे विकत आणून. पुढे अंतराळात अमेरिकेला मागे टाकणारे पहिले घड्याळ निघाले ते असे अमेरिकन यंत्रांनी उभ्या राहिलेल्या कारखान्यातून!

त्याच १९६१ साली आपल्या देशातही एक घटना घडली. बंगळूरला एच. एम. टी.चा घड्याळ कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झाला. तोवर आपल्याकडची मनगटी घड्याळे बहुतेक परदेशातून येत. एच. एम. टी.चे 'जनता' हे घड्याळ पुढे किती मास्तरांच्या, ग्रामसेवकांच्या, कंडक्टरांच्या मनगटावर बसले, त्याची गणती नाही. लग्नात जावयाला तेच देत. ते घड्याळही सतरा ज्युवेलचे आणि हाताने किल्ली द्यायचे. म्हणजे आपल्या घरच्या फडताळात जे जुने 'जनता' पडले असेल, त्याचे पोट आणि गागारिनच्या घड्याळाचे पोट मुळात एकाच रीतीचे. एच. एम. टी.चा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, पण ती घड्याळे अजून कितीतरी घरांत चालू आहेत.

अमेरिकनांची गोष्ट जरा वेगळी. जॉन ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीभोवती तीन फेऱ्या करून आला, त्याच्या मनगटावर पोशाखावरून बांधलेले 'हॉयर' होते. पण ते घड्याळ नव्हे, शर्यतीत वापरतात तसले थांबते घड्याळ. किती वाजले ते त्यावर कळत नसे, किती वेळ गेला एवढेच कळे. त्याच्यामागून २४ मे १९६२ रोजी स्कॉट कार्पेंटर गेला. हा माणूस विचारी दिसतो. सोळा वेळा उजाडायचे आणि मावळायचे, तर तबकडीवर बारा आकडे असून काय उपयोग? दुपारचे तीन की रात्रीचे तीन, खिडकीतून पाहून सांगता येणार नाही. म्हणून त्याने ब्राइटलिंग कंपनीकडून चोवीस आकड्यांच्या तबकडीचे घड्याळ करवून घेतले. काटा दिवसातून एकदाच फिरायचा. वर ते नीट चालले. पण कार्पेंटरचे यान ठरल्या जागेपासून सुमारे ४०० किलोमीटर पुढे समुद्रात पडले. तो छोट्या रबरी नावेत बचावाची वाट पाहत तासन्‌तास बसला, आणि अंतराळात न बिघडलेल्या घड्याळात समुद्राचे खारे पाणी शिरले. वेल्ह्याच्या पावसाळ्यात ज्याचे घड्याळ भिजले असेल त्याला पुढचे सांगायला नको.

ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा 'ओमेगा स्पीडमास्टर' घालून गेला. हे त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले होते. त्यात साधी वेळही कळे आणि बाजूचे बटण दाबून थांबत्या घड्याळासारखी मिनिटे-सेकंदेही मोजता येत. तोवर असेच चालले होते. ज्याला जे आवडे ते तो बांधी. अशा कामात अशी बेफिकिरी मला तरी नवलाची वाटते. पण १९६४ साली अंतराळवीरांचे प्रमुख डीक स्लेटन यांनी सांगितले की सर्वांना एकच भरवशाचे घड्याळ हवे, आणि जेम्स रेगन नावाच्या इंजिनियरावर परीक्षेचे काम आले.

पुष्कळ ठिकाणी असे छापलेले आढळते की नासाची माणसे ह्यूस्टनमधल्या एका दुकानात गेली आणि कुणाला न सांगता हाताला येतील ती घड्याळे विकत घेऊन आली. गोष्ट रंगतदार आहे, पण खरी नाही. कंपन्यांना रीतसर पत्रे गेली होती. एका नामांकित अमेरिकन कंपनीने तर पत्र नीट न वाचता खिशातले घड्याळ पाठवून दिले! ते अर्थात बाद झाले. उरली तीन: ओमेगा, रोलेक्स आणि लाँजिन.

परीक्षा अकरा होत्या. घड्याळ आधी ७१ अंश सेल्सियस उष्णतेत दोन दिवस ठेवले, मग अर्धा तास ९३ अंशांत. पाणी उकळायला १०० लागतात, हे लक्षात घ्या. नंतर शून्याखाली १८ अंशांच्या थंडीत चार तास. निर्वात पोकळीत ठेवले. दमट हवेत दहा दिवस ठेवले. वजनाच्या चाळीस पट जोराचे धक्के सहा बाजूंनी दिले. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात ठेवले, थरथरवले. रोलेक्स दमट हवेत दोनदा थांबले आणि उष्णतेत त्याचा एक काटा वाकून दुसऱ्याला अडकला. लाँजिनची काच उष्णतेने वाकडी होऊन निघून आली. ओमेगा टिकले. पण टिकले म्हणजे ते अगदी जसेच्या तसे राहिले असे समजू नका. एका परीक्षेत ते २१ मिनिटे पुढे गेले, दुसरीत १५ मिनिटे मागे पडले, आणि अंधारात चमकणारा तबकडीवरचा लेप खराब झाला. तरी ते थांबले नाही, आणि परीक्षेनंतर चालत राहिले. १ मार्च १९६५ रोजी त्याला मंजुरी मिळाली.

त्याच महिन्यात रशियाचा अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर पोकळीत तरंगणारा पहिला माणूस ठरला. तारीख १८ मार्च १९६५. त्याच्याजवळ 'स्त्रेला' म्हणजे बाण नावाचे मॉस्कोचे घड्याळ होते. तो बाहेर होता सुमारे बारा मिनिटे, म्हणजे अर्धी घटका. पण बाहेरच्या पोकळीत त्याचा पोशाख आतल्या हवेने फुग्यासारखा ताठ झाला. बोटे हातमोज्यांतून निसटली, पाय बुटांतून सरकले, आणि परत आत शिरायचे भोक अपुरे पडू लागले. सूर्यप्रकाश संपत आलेला, थोड्याच वेळात यान रात्रीत शिरणार. खाली कुणाला न विचारता त्याने पोशाखातली हवा थोडी थोडी सोडली आणि पायांऐवजी डोके आधी घालून कसाबसा आत शिरला. मंगलाष्टके चालू असताना मांडवात अर्धी घटका केव्हा सरते कळतही नाही. तीच अर्धी घटका इथे एका माणसाचा जीव टांगून ठेवणारी झाली.

मग आले १९६९. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा आपल्याकडे २१ जुलैची सकाळ होती, साडेआठला चारपाच मिनिटे कमी. पण चंद्रावर पोचलेले पहिले घड्याळ आर्मस्ट्राँगच्या मनगटावर नव्हते. यानातले विजेचे घड्याळ बिघडले होते, म्हणून त्याने आपले ओमेगा यानात टांगून ठेवले आणि उघड्या मनगटाने उतरला. पाठोपाठ उतरलेल्या बझ आल्ड्रिनने मात्र आपले घड्याळ घातले होते. पोशाख जाड, म्हणून लांबलचक पट्टा त्याच्यावरून बांधलेला. हे घड्याळ पुढे संग्रहालयाकडे पाठवताना वाटेत गहाळ झाले. चंद्रावरून सुखरूप परत आलेली वस्तू पृथ्वीवरच्या सामानात हरवली!

चंद्रावर त्या घड्याळात वाजले होते किती? तर ह्यूस्टन गावाचे वाजले होते. आपल्याला याचे नवल वाटायला नको. १ जानेवारी १९०६ पासून देशात प्रमाणवेळ आली तरी मुंबई शहराने आपली स्वतःची 'मुंबई वेळ' सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. मुंबईने ती पुढे कित्येक वर्षे धरून ठेवली. भोरची सूर्याची वेळ मोजली तर तीही प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे निघते. म्हणून आपल्याकडे काठीची सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे, तर साडेबाराच्या पुढे. ऋतूप्रमाणे दहापंधरा मिनिटे इकडेतिकडे. शिक्षकांनी शाळेच्या आवारात काठी रोवून मुलांकडून हे मोजून घ्यावे. वेळ ही माणसांनी ठरवून घेतलेली गोष्ट आहे, हे मुलांना त्यातून आपोआप समजते. आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात ग्रिनिचची वेळ धरतात. २०२५ मध्ये आपला शुभांशू शुक्ला तिथे राहून आला, त्याचे तिथले घड्याळही आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे होते.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. अपोलो १३ हे यान चंद्राकडे जात असताना, एप्रिल १९७० मध्ये, त्याची प्राणवायूची टाकी फुटली. मुख्य यानाची वीज जाऊ लागली. तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठी आणलेल्या छोट्या यानात जाऊन बसले आणि वीज वाचवण्यासाठी त्यातलीही बहुतेक यंत्रे, संगणकसुद्धा, बंद केली. आत कडाक्याची थंडी. चंद्राला वळसा घालून परत येताना लक्षात आले की मार्ग थोडा चुकला आहे. पृथ्वीच्या वातावरणात शिरायचा कोन ठरलेला असतो. फार उभे शिरले तर यान जळून जाईल, फार आडवे आले तर पाण्यावर फेकलेल्या चपट्या दगडासारखे उडून बाहेर जाईल. यान जरुरीपेक्षा आडवे येत होते. ते सुधारायला इंजिन नेमके १४ सेकंद चालवायचे होते. एका पळाच्याही आत! आणि मोजायला संगणक नाही.

तेव्हा तिघांनी कामे वाटून घेतली. जिम लोवेल आणि फ्रेड हेस यांनी खिडकीतून पृथ्वीच्या उजेड-अंधाराच्या रेषेवर नजर ठेवून यान हाताने सरळ धरले. जॅक स्विगर्टने मनगटावरच्या ओमेगाकडे पाहत सेकंद मोजले. चौदा सेकंद झाले, इंजिन बंद केले. १७ एप्रिल १९७० रोजी ते तिघे जिवंत समुद्रात उतरले. कमान आणि छोटे चाक, सकाळी बोटांनी दिलेली किल्ली, यांच्या भरवशावर त्या वेळी तीन जीव होते.

नंतरच्या हकिकती थोडक्यात सांगतो. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटच्या ओमेगाची काच चंद्रावरच निखळून पडली, तेव्हा शेवटच्या फेरीला तो स्वतःजवळचे 'बुलोव्हा' बांधून गेला. परीक्षेत उतरलेले घड्याळही असे दगा देऊ शकते. १९७३ मध्ये विल्यम पोगने स्कायलॅब स्थानकावर हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारे जपानी 'सेको' नेले. त्याच्या आत एक जड अर्धगोल तुकडा फिरत असतो. वजन नसताना तो फिरेल का, अशी शंका होती. फिरला. हात हलला की जडत्वाने तुकडा मागे राहतो आणि कमान गुंडाळली जाते. त्यालाही वजनाची गरज नव्हती.

तर त्या पोराच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले. गागारिनला, लिओनोवला, आल्ड्रिनला, स्विगर्टला, घड्याळाला किल्ली ज्याची त्यालाच द्यावी लागे, तुमच्याआमच्यासारखीच. हे मी पुढच्या वर्षीच्या वर्गाला नीट सांगितले, पण तोवर तो पोरगा शाळा शिकायला भोरला गेला होता. तो जर आज रेडिओपाशी बसला असेल, तर त्याने ऐकावे: घड्याळ चालते, बाळ. मी चुकलो होतो.